भाव कोण सांगतो? : वाशीमच्या बाजारनोंदींची प्रस्तावना

देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ कोणती, असं विचारलं तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं कुठलंही पोरगं झोपेतून उठून सांगेल : कारंजा, १८८६. एक गुण पदरात पाडून ते पुढच्या प्रश्नाला लागतं. हे कारंजा वाशीम जिल्ह्यातलं आहे, हे त्याला ठाऊक असतंच असं नाही. आणि कापसाच्या या बाजाराला नियम लावावेत असं हैदराबादेत बसलेल्या इंग्रज रेसिडेंटाला का वाटलं, हा प्रश्न तर पेपरात कधीच येत नाही. हा संग्रह त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतो.

पुढच्या पानांत व्यापाराच्या, खरेदी-विक्रीच्या, खाण्यापिण्याच्या आणि रोजच्या रीतीभातीच्या अशा गोष्टी आहेत, की ज्या ऐकून माणूस ‘असं होय!’ म्हणतो. अशा गोष्टींना वाचक भरपूर मिळतात, पण त्यांची एक खोड असते. त्या सुट्या सुट्या फिरतात. मागचं कारण गळून पडतं आणि नुसतं नवल उरतं. म्हणून नोंदी निवडताना एकच कसोटी लावली : या गोष्टीवरून त्या काळी भाव कोण ठरवत होतं, हे कळतं का? कळत असेल तर नोंद घेतली. नसेल, तर ती कितीही खुसखुशीत असली तरी बाजूला ठेवली.

आधी जिल्ह्याविषयी थोडं. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. पण त्याला नवा म्हणणंही खरं नाही, कारण इंग्रजी अमलात ‘बाशीम’ नावाचा जिल्हा होता आणि तो १९०५ साली मोडून वाटून टाकला गेला. त्याही मागे गेलो तर हे वाकाटकांचं वत्सगुल्म, एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली. आणि २०१८ साली केंद्र सरकारने मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ अशी यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशीमचं नाव आलं. श्रीमंती आणि मागासलेपण या दोन टोकांमध्ये काय घडलं याचा शोध राजवाड्यांपेक्षा बाजारात घेतलेला बरा.

कारंजाची श्रीमंती ही काही नंतरची भाबडी कल्पना नव्हे. १६७०च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर काही आठवड्यांनी, शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटलं. जदुनाथ सरकारांनी नोंदवल्याप्रमाणे उंची कापड, सोनं आणि चांदी असा सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेला. गावातले धनिक खंडणीसाठी धरले गेले. त्यांतला सगळ्यात बडा तेवढा निसटला, तोही बाईचं लुगडं नेसून. म्हणजे मराठ्यांची फौज बायकांना हात लावत नाही याची त्या सावकाराला पक्की खात्री होती. शत्रूच्या शिस्तीवर एवढा भरवसा टाकणारा व्यापारी बाजारातल्या माणसांची पारख किती बारकाईने करत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

याच गावात कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगितली जाते. कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक व्यापारी आला. एवढा माल घेणारं गिऱ्हाईक त्याला कुठं मिळेना. कारंजाच्या सावकाराने सगळी कस्तुरी एकदम घेतली आणि चालू असलेल्या बांधकामाच्या चुन्यात मिसळून टाकली. ही गोष्ट आख्यायिका म्हणूनच वाचायची. पण तिच्यातला व्यवहार लक्षात घेण्यासारखा आहे. सावकाराला कस्तुरी नको होती. आपल्या गावातून माल न विकता परत गेला, हे त्याला नको होतं. भाव ठरवण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे तो ती मिरवतोच. हाच पैसा दुसऱ्या वाटेनेही गेला. कारंजाच्या जैन भांडारांत शतकानुशतकं हस्तलिखितं जपली गेली, आणि १९३०च्या दशकात हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी अपभ्रंश भाषेतली काव्यं संपादित करून कारंजाच्या ग्रंथमालेतून छापली. जुन्या अपभ्रंश साहित्याचा अभ्यासक कारंजाचं नाव टाळून पुढे जाऊ शकत नाही.

इथला माल बाहेर कसा जाई, हाही एक वेगळाच किस्सा आहे. मुंबईची रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. मुंबईकडे पहिला मोठा माल काढला तो हैदराबाद मुलखातल्या विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने, १८२५-२६ साली. पाचशे बैल, एक लाख वीस हजार पौंड कापूस, किंमत पंचवीस हजार रुपये. लायलच्या १८७०च्या वऱ्हाड गॅझेटिअरमध्ये हा हिशेब आहे. भागाकार केला तर एका बैलावर दोनशे चाळीस पौंड, म्हणजे दीड मणाच्या आसपासच्या दोन गोण्या दोन बाजूंना. ही बैलांची वाहतूक म्हणजे ‘लदणी’ आणि ती करणारे बंजारा तांडे. मीठ वर यायचं, धान्य आणि कापूस खाली जायचा. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान; तिथं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं. तिथं रामनवमीच्या यात्रेला जमणाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज या लदणीवर जगत. रेल्वे आली, लदणी संपली, आणि रस्ता ज्यांच्या हातात होता ती माणसं शेतमजूर झाली. त्याआधी मालाचा भाव वाटेवरही ठरत होता. पुढे तो फक्त टोकाच्या बाजारात ठरू लागला.

आता १८८६कडे वळू. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे इथले हुकूम हैदराबादच्या रेसिडेन्सीतून निघत. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. भाव कडाडले आणि भेसळही वाढली. गाठींमध्ये सरकी, कचरा, पाणी निघू लागलं. मुंबई सरकारला तर १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच करावा लागला. तक्रार खरेदीदाराची होती, हे इथं महत्त्वाचं. १८८६च्या हुकमाने कारंजाच्या बाजाराला लागलेले नियम शेतकऱ्याने मागितले म्हणून आले नाहीत. स्वच्छ कापूस रास्त भावात हवा होता तो सातासमुद्रापलीकडच्या गिरणीला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. अधिकृत बाजार, परवाना असलेले अडत्ये आणि मापारी, तपासलेली वजनं, ठरलेली फी : आज ‘बाजार समिती’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं जवळजवळ सगळं त्यात होतं. नव्हता तो एकच माणूस. कमिटीवर व्यापारी होते, म्युनिसिपालिटीची माणसं होती. पिकवणाऱ्याला खुर्ची नव्हती. १९२७चा मुंबईचा कापूस बाजार कायदा, १९२८चा रॉयल कमिशनचा शेतीविषयक अहवाल आणि अखेर १९६३चा महाराष्ट्राचा कायदा अशी पुढची वाट आहे. ती खुर्ची मिळायला एवढा पल्ला गाठावा लागला. २०२०च्या कृषी कायद्यांवरून देशभर बाजार समित्यांवर वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. पण या व्यवस्थेचा जन्म खरेदीदाराच्या सोयीसाठी झाला, हे फारसं कुणी बोललं नाही.

नियमांआधी आणि नियमांनंतरही बराच काळ चालत राहिलेली एक रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिला हत्ता म्हणत. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत. किती बोटं, कोणतं पेर, किती वेळा दाबलं, यावर शेकडा आणि दहा-पाच रुपये ठरायचे. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांना कळायचं नाही, कारण प्रत्येकाने आपापला आकडा बोटांनीच सांगायचा. ढिगाजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही काही कळायचं नाही. त्याच्याच मालाचा सौदा त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचा आणि त्याला तेवढा दिसायचा नाही. आज कायद्याने उघड लिलाव सक्तीचा आहे. वऱ्हाडात त्याला हर्रासी म्हणतात. हर्रासीत आकडा मोठ्याने पुकारला जातो, मापारी वजन करतो, सौदापट्टी हातात येते आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू होतं. रुमाल गेला ही लहान सुधारणा नव्हे. तरी इतर दुकानांत विकणारा भाव सांगतो आणि घेणारा घासाघीस करतो. इथं घेणारा सांगतो आणि विकणारा ‘काय निघाला?’ असं विचारतो. हा उलटा क्रम रुमालाबरोबर गेला नाही.

मँचेस्टर कारंजात आणखी एका रूपाने आलं. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी रेल्वे कारंजावरून जात असे. लोकांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं. कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळापर्यंत पोचवायचा, एवढ्यासाठी ती बांधलेली. किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने तिच्यासाठी काढलेल्या कंपनीची ती मालमत्ता. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीकडेच राहिली आणि सरकार तिच्या वापराचे पैसे मोजत राहिलं. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं. १९२३पासून ते १९९४च्या एप्रिलपर्यंत चाललं. जिथून कापसाची मागणी आली तिथूनच तो नेणारं इंजिनही आलं, आणि मागणी संपल्यावरही ते कितीतरी दशकं धावत राहिलं. गाडी आता बंद आहे.

नियंत्रणाचं दुसरं टोक महाराष्ट्राने १९७२ पासून पाहिलं. एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि राज्यात कापूस घेणारं एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे सरकार. खाजगी व्यापाऱ्याला कापूस विकणं बेकायदा. हमीभावाचा आधार मिळाला आणि पुढचे हप्ते, बोनस यांची वाट पाहणंही आलं. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री गाड्या सीमेकडे निघत. आपल्याच शेतातला कापूस नेणारा माणूस तस्कर ठरे. साधारण तीन दशकं हे चाललं. व्यापारी भाव ठरवतो तेव्हा आणि सरकार ठरवतं तेव्हा शेतकऱ्याच्या वागण्यात काय फरक पडतो, हे पाहायला यापेक्षा मोठा प्रयोग शोधून सापडणार नाही.

कापसाच्या मापांची गंमतही इथेच सांगून टाकतो. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली गठाण १७० किलोची असते. पण रुईचा भाव व्यापारी आजही ‘खंडी’त बोलतात, आणि ही खंडी ३५५.६२ किलोची, म्हणजे इंग्रजी ७८४ पौंडांची. दशमान पद्धत येऊन साठ वर्षांवर झाली, तरी मोठ्या सौद्यांत पौंड लपून बसला आहे. शिवाय एक क्विंटल कापसात रुई साधारण एक तृतीयांश. बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत जातं आणि ढेप गुरांच्या गव्हाणीत. म्हणजे ज्याला आपण कपड्याचं पीक म्हणतो त्यातलं वजनाने जास्त खाण्यात जातं.

आज मात्र जिल्ह्याचा जीव कापसापेक्षा सोयाबीनवर आहे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून १९९४ साली आलेल्या जे.एस. ३३५ या वाणाने मध्य भारताची शेती बदलली. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘तीनशे पस्तीस’. या पिकाचं वैशिष्ट्य असं की पिकवणाऱ्याच्या घरात त्याची ना डाळ शिजते ना भाकर होते. दाण्यात तेल अठरा ते वीस टक्के. उरलेला भाग पेंड होऊन बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जातो. परिणामी वाशीमच्या ओट्यावरचा भाव शिकागोच्या वायदेबाजारावर, मलेशियाच्या पामतेलावर आणि दिल्लीतल्या आयातशुल्काच्या अधिसूचनेवर हलतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलपर्यंत गेलं. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबडी पाळणाऱ्यांची गरज खरी होती. पण नवं पीक घरात यायच्या तोंडावर भाव उतरला तो शेतकऱ्याच्या खिशातून. त्या डिसेंबरात सोयाबीनच्या वायद्यांवर बंदीही आली. मँचेस्टर गेलं, शिकागो आलं. तार लांब झाली एवढंच.

या लांबच्या तारेला बाजाराने आपला एक मजेदार टेकू दिला आहे, तो म्हणजे मुहूर्ताचा सौदा. हंगामाची पहिली पोती घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला फेटा बांधतात, शाल-नारळ देतात आणि शेवटी एक रुपया असलेला घसघशीत भाव पुकारतात. दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो. भाव खोटा नसतो, पण तो त्या एका ढिगाचाच असतो. त्याच आठवड्यात येणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला तो मिळत नाही. जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा चार पोत्यांना चढा भाव देणं स्वस्त पडतं, हे व्यापाऱ्याने जाहिरातशास्त्र न शिकताच ओळखलं.

सोयाबीनने ताटही बदललं. खरीप ज्वारी हटली तशी भाकर विकतच्या पिठाची झाली आणि रेशनच्या गव्हाने पोळी रोजची केली. रोडगे नि वांग्याची भाजी पंगतीत तशीच टिकून आहेत, पण त्यांचा गहू अनेक घरांत आता शेतातून येत नाही. गेल्या काही वर्षांत तर जिल्ह्यात चिया पिकू लागला आहे. मेक्सिकोकडचं हे बी आधी मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात जाई. पुढे वाशीमच्या बाजार समितीतही त्याचे सौदे सुरू झाले. शहरातला माणूस ते पचनासाठी भिजवून पितो. शेतकऱ्याच्या पसंतीचं कारण निराळं : रोही आणि रानडुकरं त्याला तोंड लावत नाहीत. एकाच बीच्या दोन टोकांना दोन वेगळी पोटं आहेत, आणि पिकवणाऱ्याचं पोट त्यांत कुठेच नाही.

रोजच्या रीतींचा विभाग मुद्दाम शेवटी ठेवला आहे. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. त्या दिवशी जो आकडा निघतो तो वर्षभर बांधतो. अक्षय तृतीयेला बुलढाण्याच्या भेंडवळला घट मांडला जातो. अठरा धान्यं गोलाकार ठेवायची, मधे मातीची ढेकळं, वर करवा, पापड, कुरडई, पानसुपारी, आणि पहाटे कोणता दाणा कुठं सरकला यावरून पाऊस, पीक आणि राजा यांचं भाकीत. ते खरं ठरतं का, हा विवेकाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर द्यायला अवघड नाही. इथं नोंद घेतली ती एवढ्यासाठी की ते भाकीत शेतकऱ्याइतक्याच उत्सुकतेने व्यापारीही वाचतात. भाव कुणाच्याच हातात नसतो तेव्हा दोघंही एकाच घटाकडे पाहतात. पहिल्या वेचणीआधीचा सीतादहीचा विधी, पोळ्याआधीची बैलाच्या साजाची खरेदी, या नोंदी थोडक्यात आहेत. त्यांच्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे.

या संग्रहात एक मोठी पोकळी राहिली आहे आणि ती सांगूनच ही प्रस्तावना संपवतो. कापसाची वेचणी बायका करतात. त्यांची मजुरी किलोवर असते, दर टोळीतल्या बायका आणि शेतमालक बांधावर ठरवतात, संध्याकाळी साध्या काट्यावर वजन होतं. रोजच्या रोज, गावोगाव लागणारा हा भाव आहे. पण त्याला हर्रासी नाही, मापाऱ्याचा परवाना नाही, दप्तर नाही, म्हणून तो कुठल्याच गॅझेटिअरमध्ये उतरलेला नाही. १८८६चा हुकूम निघाला तो वजनात फसलेलं गिऱ्हाईक मँचेस्टरला होतं म्हणून. काट्यावर अर्धा किलो कमी दाखवला गेलेल्या बाईची तक्रार ऐकायला अजून कोणतीच रेसिडेन्सी उघडलेली नाही. बाजाराचा इतिहास आपल्याकडे खरेदीदाराच्या तक्रारीने लिहिला गेला. पुढची आवृत्ती निघालीच, तर ती वेचणीच्या दरापासून सुरू व्हावी.